घरात कोण कोण

१

वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना काहीही करून घ्यायचं असलं, फोनचं कुलूप काढायचं, सातबारा उतरवायचा, गॅसचा नंबर लावायचा, की ते मला बोलावतात. काम झालं की विचारतात, "मग कॉलेज का सोडलं रं?" आणि चहा देतात अर्धा कप.

कोल्हारच्या पुलावरून आत वळलं की प्रवरेच्या कडेनं आमची वस्ती. घरोघर गाया. यंदा उन्हाळ्यात डेअरीनं दूध घालणाऱ्या प्रत्येक घरात एक डबी वाटली. काळी, तळहातात मावेल एवढी, पुढं छोटी काच. तिच्यातून एक बाई बोलते. दुधाला फॅट किती लागलं, पेंडीचा ट्रक कधी येणार, पाऊस, बाजारभाव, कुणाचा दहावा, कुणाचा साखरपुडा. घरातल्या सगळ्यांचे फोन तिला जोडलेले असतात, म्हणून कुणाला काय निरोप आला तेही वाचते. माणूस समोर आला की नावानं राम राम घालते. ऐकायचं नसलं तर डबीवर हात ठेवायचा. गप होते.

डब्या बसवायचं काम डेअरीचे चेअरमन आबासाहेब यांनी मला दिलं. "तुला तेवढंच येतंय," म्हणाले.

बसवताना एकच प्रश्न असतो. काचेवर दोन बटणं येतात. 'मी निवडतो' आणि 'आपोआप'. पहिलं दाबलं तर काय ऐकायचं, काय नाही, कुणाचं ऐकायचं, हे माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. जरा वेळ लागतो, डोकं लागतं. दुसरं दाबलं तर बाई स्वतःच शिकते. तुम्ही कशावर थांबता, कशावर हात ठेवता, एवढं बघते आणि पुढचं तिचं ती ठरवते.

मी प्रत्येक दारात दोन्ही समजावून सांगितलं. घसा बसेपर्यंत. एकानंही पहिलं बटण घेतलं नाही. "आपोआप टाक रं. आमी कुठं निवडीत बसू?" खरंच आहे. ह्यांच्या बायका दुसऱ्यांनी निवडल्या, उसाचं वाण कारखान्यानं निवडलं, मत कुणाला द्यायचं ते पारावर आधीच ठरलेलं. जन्मात एक गोष्ट स्वतः निवडली नाही आणि मला विचारतात, तू असा कसा निघालास.

आमच्या घरी माझ्या बापानं, म्हणजे गोरक्षभाऊनं, डबीकडं न बघताच सांगितलं, "ते दुसरं." बाईनं त्याचा आवाज घेतला. घरमालकाचाच आवाज लागतो तिला.

२

आमच्या घरात सकाळ माझ्या नावानं उगवायची. गोठ्यात बादलीची कडी वाजली की पाठोपाठ बाप. "उठला का न्हाई तो? का त्याला वाजंत्री लावून उठवायचा?" मग आई स्वयंपाकघरातून, "आवो, झोपू द्या जरा." मग बाप, "झोपू द्या! शिकून साहेब झालाय ना त्यो!" हे झाल्याशिवाय गायसुद्धा पान्हा सोडत नसावी.

डबी आल्यावर त्यात तिची भर पडली. "हर्षलच्या कॉलेजकडून निरोप आहे." बापाचा हात डबीवर. "हर्षलच्या मामाचा निरोप, हर्षलचं पुढं काय ठरलं?" हात. माझ्या वर्गातल्या एकाला पुण्यात नोकरी लागली, तेही बाईनं हौसेनं सांगितलं. हात असा बसला की काच फुटते की काय. त्याचे हात शेणादुधाचे. काचेवर ठसा उठायचा, आई पदरानं पुसायची.

एके दिवशी सकाळी मी तोंड धुऊन दारात उभा होतो. बाई म्हणाली, "राम राम, गोरक्ष. राम राम, मुक्ताबाई." मुक्ताबाई म्हणजे आई. पुढं तिसरं नाव माझं. तेवढी जागा तिनं मोकळी ठेवली. एखाद्यानं श्वास घ्यावा तेवढी. मग हवामान सुरू झालं.

मला हसू आलं. म्हटलं, बाईनंही टाकलं मला.

नंतर ध्यानात आलं, बादलीची कडी वाजून बराच वेळ झाला होता आणि बाप काहीच बोलला नव्हता.

खोटं कशाला सांगू, ते दिवस मला बरे गेले. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. मी उशिरापर्यंत झोपायचो. बाप शेजारून जायचा, गायीशी बोलायचा, कुत्र्याशी बोलायचा. मला वाटलं, दमला असेल. मीही दमलो होतो.

३

मग वाटलं, अबोला धरला.

आमच्या घराण्यात अबोला वारशानं येतो. जमिनीची वाटणी करावी लागते. हा सगळ्यांना पुरतो. माझा बाप आणि चुलता वाल्मिक यांची विहीर एक, मोटार एक, आणि दोघं मी शाळेत जायच्या आधीपासून बोलत नाहीत. मोटार चालू करायची असली की चुलता बांधाकडं तोंड करून म्हणतो, "म्हनावं, आज आमची पाळी हाय." बाप बाभळीकडं बघून म्हणतो, "म्हनावं, डोळे हायेत आमाला." बाभळीला सगळं माहीत.

म्हणून मी अबोला ओळखतो. अबोल्यातला माणूस तुमच्यावर बारीक नजर ठेवून असतो. तुम्ही आलात की मान वळवतो, तुम्ही बसलात की उठतो. तुमच्या सावलीवर पाय पडणार नाही इतकं जपतो. टाळायचं तर आधी माणूस दिसावा लागतो.

बाप मला टाळत नव्हता.

दुपारी मी पडवीत बाजेवर पडलो होतो. बाप सरकी पेंडीचं पोतं खांद्यावरून घेऊन आला आणि माझ्या नडग्यांवर टाकलं. मी बोंबललो. पोतं कललं, कारण खाली माझे पाय होते. बापानं खाली हात घातला, माझी पोटरी चाचपली, आणि गोधडीची गुंडाळी सारखी करावी तसा माझा पाय सरळ केला. मग पोत्यावर थाप मारून ते नीट बसवलं.

आई धावत आली. "आवो, पोराच्या पायावर टाकलं की!"

बाप तिच्या तोंडाकडं बघत राहिला. घरात बाई हवामान सांगायला लागली होती, त्या वेळेला कधीच नसतं ते. "व्हय व्हय," बाप म्हणाला, "पाजतो गायांना पानी. जातोय की."

आणि गेला. आईनं आणि मी मिळून पोतं उतरवलं. मग तिनं माझ्या नडगीवर हळद लावली.

४

यज्ञेश्वर सर म्हणजे आमच्या गावचे जुने हेडमास्तर. आबासाहेब त्यांचे विद्यार्थी, माझा बापही. सर दूध घालत नाहीत, पण गुरुदक्षिणा म्हणून त्यांच्याकडंही डबी. आवाज बारीक येतोय म्हणून त्यांनी मला बोलावलं.

घरात शिरलो तर जिन्याच्या खालच्या पायरीवर प्रणिताताई बसलेली. सरांची मुलगी. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सर तिचं नाव काढू देत नव्हते. शेजारी बॅग, तिची चेन लावलेलीच.

"राम राम ताई. कधी आलात?"

तिनं दचकून वर बघितलं. मग इतक्या जोरात माझं मनगट धरलं की हातातला पाना खाली पडला. "तुला दिसतेय मी?"

"म्हणजे?"

"हर्षल ना तू? गोरक्षकाकांचा?" ती हसली आणि डोळे पुसले. "बस जरा. कुणीतरी बस इथं."

सर समोर खुर्चीत पोहे खात होते. म्हणाले, "अरे, कुणाशी बोलतोस?"

"प्रणिताताईंशी, सर."

डबी खसखसली. सर म्हणाले, "हो, हो. तिथंच ठेव, काही हरकत नाही." आणि शेंगदाणा चावत राहिले.

"हे असंच," ताई म्हणाली. "आधी वाटलं राग आहे. राग निवळायची वाट बघत बसले. आई रोज संध्याकाळी माझ्या खोलीला बाहेरून कडी घालते. धूळ जाते म्हणून. मी आत असते."

"मग?"

"मग सकाळी झाडायला उघडते, तेव्हा बाहेर येते."

"तुमच्या घरी का जात नाही परत?"

"तिथं काय वेगळं आहे?" ती म्हणाली. "सासूला मी कधी आवडले नव्हतेच. तिच्याकडंही आहे असलंच काहीतरी, दुसऱ्या कंपनीचं." तिच्या आवाजात रडूही उरलं नव्हतं. "तू एक कर. बाबांना म्हण, एकदा स्वतः निवडा. बघू माझं नाव घेतात का."

मी सरांपुढं जाऊन उभा राहिलो. सांगितलं, सेटिंग बदलू, तुम्ही स्वतः निवडा. ह्या माणसानं माझ्या बापाच्या हातावर छड्या मारल्यात, स्वतःच्या डोक्यानं उत्तर दे म्हणून. सर चमचा ठेवून म्हणाले, "आता या वयात काय निवडायचं रे? छान चाललंय. घरात कसं शांत वाटतं हल्ली. हो की नाही, विजया?"

विजयाकाकू चहा घेऊन आल्या. जिन्याच्या पायरीवरून आल्या, प्रणिताताईचा हात पायाखाली आला. काकूंनी खाली बघितलं, चटई सरकली असेल म्हणून पायानं सारखी केली.

मी निघालो तेव्हा ताईनं हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा.

५

मी भुताखेतं मानत नाही. कॉलेज सोडलं, डोकं सोडलेलं नाही. घरी येईपर्यंत मी सगळी कारणं लावून बघितली. ऊन. म्हातारपण. हे सगळे ठरवून करत असतील, पोराकडं लक्ष दिलं नाही की वळणावर येतं, असलं काहीतरी पारावर शिजलं असेल. मी घरात शिरलो तेव्हा बाप डबीपुढं बसला होता. मी त्याच्या नाकासमोर उभा राहून ओरडलो, "तात्या!"

बाईनं उद्याच्या पावसाचा अंदाज सांगितला. बापानं माझ्या पोटातून पलीकडं बघावं तसं बघितलं आणि आईला म्हणाला, "कडबा झाकावा लागंल."

मी डबीची वायर उपसली. बाई बंद. पण बापाची नजर तशीच. उलट ती शांतता त्याला टोचली. तो उठला, मी वायर हातात धरून मधे उभा, तो सरळ माझ्यावर येऊन आदळला. थांबला. खांदा चोळला. मग शेजारच्या दाराच्या चौकटीकडं बघून म्हणाला, "ही पन वाकडीच बसवलीय त्या भाड्या सुतारानं." आणि माझ्या मुठीतली वायर खिळ्यावरून काढावी तशी काढून परत खोचली.

आबासाहेबांकडं गेलो. ते डेअरीच्या ऑफिसात पंख्याखाली. त्यांना मी दिसत होतो. कामाचा होतो अजून.

"कंप्लेंट?" ते म्हणाले. "एवढ्या डब्या बसवल्या, एक कंप्लेंट न्हाई. उलट भांडनं मिटली. कालच तो कानिफनाथ सांगत हुता, सुनेचा आवाज म्हनून येत न्हाई घरात."

"सून कुठंय त्यांची?"

"आसंल की घरात. सून कुठं जातीय?" त्यांनी फोन उचलला. "बदलायचं आसंल तर घरमालकानं सवताच्या तोंडानं बोलायचं. ते तुझ्या हातात न्हाई. निघ आता."

६

आई डबीपुढं कधी थांबलीच नव्हती. चूल, गोठा, परत चूल. बाई तिला राम राम घालायची तोवर ती पलीकडं गेलेली असायची. म्हणून असेल, तिला मी दिसत होतो.

"तू फक्त एवढं म्हण," मी सांगितलं, "डेअरीनं सांगितलंय, एकदा बोलून घ्या. बाकी तो बोलेल."

आई भांडं घासता घासता थांबली. "लई दमले रं मी. तुमच्या दोघांच्या मधी उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन." मग पदराला हात पुसले. "चल."

संध्याकाळच्या धारा उरकल्या होत्या. बाप हातपाय धुऊन डबीपुढं बसला. आई त्याच्या मागं भिंतीला टेकून. मी समोर.

"आवो, डेअरीचं हाय. म्हना, मी निवडतो."

"आता ह्ये काय नवीन? बरं. मी निवडतो."

काच उजळली. "गोरक्ष, आता तुम्ही निवडायचं," बाई म्हणाली. "घरात कोण कोण आहे?"

बाप हसला. "मी हाय की."

"अजून?"

"मुक्ता."

"अजून?"

"चंद्री, कपिला. एक कालवड हाय, ती भाद्रपदात झालेली." तो मोकळेपणानं सांगत होता, रंगात आला होता. "एक कुत्रं हाय. त्याला नाव न्हाई ठिवलं."

"अजून कुणी?"

बाप थांबला. एवढंच पाहिजे होतं मला त्याच्याकडून, एक नाव, आणि ते त्यानंच घ्यायचं होतं. आईनं तोंडाला पदर लावला. ती सांगणार होती, मी मान हलवली. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचता पोचता काय होऊन जाईल, सांगता येत नव्हतं.

"न्हाई," बाप म्हणाला. आणि उठला नाही. कपाळ चोळलं. "सकाळचं... धारंच्या टायमाला, कुनीतरी झोपल्यालं आसायचं."

"नाव सांगा."

"मला लई राग यायचा त्येचा." तो बाजेकडं बघत होता. त्याचा श्वास जोरात चालला. "हाका मारून मारून घसा बसायचा. गावात कुनी इचारलं की मान खाली. एवढा शिकवला, एवढा... आन् त्यो झोपल्याला. त्यो..."

मी जन्मात पहिल्यांदा देवाला म्हटलं, येऊ दे त्याचा राग.

"हर्षल्या!" बाप ओरडला. "भाड्या! दिवस मावळला तरी हिथंच उभा व्हय रं तू?"

त्याची नजर माझ्या तोंडावर येऊन आदळली. तिथंच राहिली. त्यानं डोळे मिटून परत उघडले, जणू उन्हातून घरात आला होता.

"हर्षल," बाई म्हणाली. "ठेवायचं की काढायचं?"

खूप वेळ गेला. एवढा वेळ जायला नको होता.

"ठेव," बाप म्हणाला. "कुठं जातंय ते."

७

मला वाटलं, झालं. मी खाली बसलो.

"मुक्ताबाई," बाई म्हणाली. "घरमालकांनी निवडलं, आता तुम्ही."

आई दचकली. "मी? मला कशाला?"

"तुम्हाला काय हवं?"

आईनं बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न तिला ह्या घरात कुणी कधी विचारला नव्हता. बापानं नाही, आणि मीही नाही. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून विचार करत बसली. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. "आई," मी म्हणालो, "माझं नाव घे. आणि त्यांचं. बस."

"आगं बोल की," बाप म्हणाला. "हाय काय त्यात एवढं?"

"तुम्ही मधी बोलू नगा," मी म्हणालो.

"तू मला शिकिवतो व्हय रं? चार दिस गप हुता ते बरं हुतं!"

"मी गप होतो? तुम्ही पेंडीचं पोतं टाकलं पायावर!"

"टाकीन! आजून टाकीन!"

आम्ही परत सुरू झालो होतो. इतक्या सहज. तो उठून उभा, मी उठून उभा.

"मला काय पाहिजे?" आई आमच्या खालून, हळू आवाजात, डबीला सांगत होती. "घरात जरा शांतता आसावी, बाई. दुसरं काय."

"शांतता कुणामुळं जाते," बाईनं विचारलं, "ते तुम्ही निवडता, की आपोआप?"

"मी कुनाचं नाव घिऊ?" आई म्हणाली. "तूच बघ."

"बरं, मुक्ताबाई."

मी ते ऐकलं. ऐकलं आणि बापाच्या अंगावर ओरडायचं वाक्य तोंडात होतं ते पूर्ण केलं. मगच वळलो.

आई उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली. स्वयंपाकघरात गेली, तवा ठेवला. भाकरी थापायचा आवाज यायला लागला, आणि त्यात दुसरा एक आवाज होता. ती गुणगुणत होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलेलं नाही.

"मुक्ता," बाप म्हणाला. "ताटं घे. ह्याला पन वाढ."

बाईनं हवामान सुरू केलं.

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलो. आईनं एकच ताट घेतलं. भाकरी तव्यावरून थेट ताटात घेतली, पिठल्यावर तेल सोडलं, कांदा फोडला. मग चुलीसमोरच पाट घेऊन बसली. आमच्या आधी. आमच्या घरात बाईमाणूस पुरुषांआधी जेवल्याचं मला आठवत नाही.

"ए मुक्ता," बाप म्हणाला. मग मोठ्यानं. "मुक्ता!"

तिनं मान वर केली. आमच्याकडंच बघितलं, आमच्यातून, पलीकडच्या अंगणाकडं. पाऊस येतोय का बघतात तसं. मग परत घास मोडला. भाकरीतून वाफ निघत होती. ती हळूहळू खात होती, प्रत्येक घास चावून, कुणाची हाक येणार नाही असं माहीत असलेल्या माणसासारखी. तिच्या कपाळावरची आठी गेलेली होती. ती आठी नसताना आई अशी दिसते, हे मला माहीत नव्हतं.

बापानं माझ्या दंडाला धरलं. "काय झालं रं तिला?" त्याचा आवाज लहान झाला होता. "हर्षल, काय झालं?" तो परत हाक मारायला निघाला, छातीत श्वास भरून.

मी त्याचा हात दाबला.

"थांबा, तात्या," मी म्हणालो. "जेवू द्या तिला."